चांदीवरचा दुसरा घाव

1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. गोदावरी आणि दारणा यांच्या संगमावरचे हे गाव आज सिन्नर तालुक्यात आहे. इंग्रजी ग्रंथांत ते ‘जोगलथेंबी’ या नावाने गेले आणि जगभरच्या नाणेशास्त्रज्ञांच्या तोंडी तेच नाव बसले. नाणी 13,250 भरली. सारी मुळात एकाच राजाची, क्षहरात कुळातल्या नहपान क्षत्रपाची. एका नाण्याचे वजन दोन-सव्वादोन ग्रॅम धरले तर ही साडेसव्वीस ते तीस किलो चांदी होते. त्याआधी नहपानाची नाणी अगदी मोजकीच माहीत होती. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतले लेख वाचून मुंबई गॅझेटियरच्या सोळाव्या खंडात (1883) त्यांचे विवेचन करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी या राजाच्या मागावर बरीच वर्षे होते. ते 1888 मध्ये गेले. हा साठा त्यांच्या हाती लागायला हवा होता, असे अजूनही वाटते.

जमिनीत सापडलेली ठेव सरकारला कळवण्याचा कायदा 1878 पासून लागू होता. जोगलटेंभीच्या साठ्याची तपासणी रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी केली आणि तिचा वृत्तांत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात, बाविसाव्या खंडात, 1908 साली आला. त्याच वर्षी ई. जे. रॅप्सन यांची आंध्र आणि पश्चिमी क्षत्रप नाण्यांची सूची ब्रिटिश म्युझियमने प्रसिद्ध केली. या दोन लिखाणांतून जगाला कळले ते असे: साठ्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या ठशावर दुसऱ्या राजाचा ठसा मारलेला आहे. तो राजा सातवाहन घराण्यातला गौतमीपुत्र सातकर्णी. उरलेल्या सुमारे चार हजार नाण्यांना सातवाहनांचा हातोडा लागलेलाच नाही.

‘ठसा मारलेला’ असे मी लिहिले, पण इंग्रजी लिखाणात या एका कृतीला निदान चार शब्द भेटतात: रिस्ट्रक, ओव्हरस्ट्रक, काउंटरस्ट्रक आणि कधी कधी काउंटरमार्क्ड. वाचणारा ते एकच समजून पुढे जातो. तिथेच चुकण्याची सोय आहे.

मुळात ‘स्ट्राइक’ हा इंग्रजी शब्द फार पसरलेला. इंग्रजाचे घड्याळ स्ट्राइक करते, कामगार स्ट्राइक करतात, वीज स्ट्राइक करते, व्यापारी सौदा स्ट्राइक करतो, काडीही तो स्ट्राइकच करतो आणि नाणेही. मराठीत यांतले प्रत्येक काम निराळ्या क्रियापदाकडे गेले आहे. घड्याळात टोले पडतात, गिरणीत संप होतो, वीज कोसळते, सौदा ठरतो, काडी ओढतात आणि टांकसाळीत नाणी पाडतात. इंग्रजाला संदर्भ पाहून अर्थ लावण्याची सवय असते. आपण मात्र इंग्रजी सूची मराठीत आणताना ‘पुनर्मुद्रित’ हा एक शब्द ठेवला आणि वेगवेगळ्या कृती त्यात कोंबल्या.

त्या कृती अशा. कोऱ्या चकतीवर दोन ठशांमध्ये धरून घाव घातला, नाणे पाडले: हे स्ट्राइक. आधीच पाडलेले नाणे कोरी चकती समजून पुन्हा दोन्ही ठशांमध्ये घातले: हे ओव्हरस्ट्राइक, किंवा रिस्ट्राइक. चालू नाण्यावर एखादी बारकी खूण एका छोट्या छापाने उमटवली, बाकीचे नाणे जसेच्या तसे ठेवले: ही काउंटरमार्क. ‘काउंटरस्ट्रक’ हा शब्द मात्र या दोहोंच्या मधे लोंबकळतो. कोणी तो पूर्ण ठशासाठी वापरतो, कोणी नुसत्या खुणेसाठी. याशिवाय पंचमार्क्ड नाणी वेगळीच. ती नाणी चांदीच्या पट्टीचे तुकडे तोडून, त्यांवर एकेक चिन्ह सुट्या छापाने ठोकून तयार करत. त्यांना आपल्याकडे ‘आहत नाणी’ म्हणतात आणि हे नाव उत्तम आहे, कारण पाणिनीनेच ‘रूप’ या शब्दाला ‘आहत’ या अर्थी प्रत्यय लावून ‘रूप्य’ हा शब्द साधला आहे (5.2.120). रुपया त्याच घराण्यातला. ठोकल्यावाचून पैसा होत नाही, हे व्याकरणकारांना मान्य होते.

आता जोगलटेंभीच्या नाण्यांत यांतले काय झाले, हे शब्दावरून न ठरवता नाण्यावरून ठरवायला हवे.

नहपानाच्या मूळ नाण्यावर एका बाजूला राजाचे उजवीकडे पाहणारे डोके आणि भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि भोवती ब्राह्मी व खरोष्ठी. तीन लिप्यांत सांगितलेली गोष्ट एकच: राजा क्षहरात नहपान याचे. ग्रीक अक्षरांत भाषा मात्र ग्रीक नाही, प्राकृताचेच ते ग्रीक लिप्यंतर आहे, आणि पुष्कळ नाण्यांवर ती अक्षरे इतकी बिघडली आहेत की ठसा कोरणाऱ्याला ती वाचता येत नसावीत. चेहऱ्यांचेही तसेच. कुठे तरुण, कुठे म्हातारा, कुठे नाक सरळ, कुठे बाकदार. स्कॉट यांना हे इतके खटकले की ही एका माणसाची नाणी असूच शकत नाहीत, घराण्यातल्या एकामागून एक आलेल्या राजांनी चेहरा आपला घातला आणि नाव मूळ पुरुषाचे ठेवले, असा तर्क त्यांनी मांडला. मला तो पटत नाही. घावाखाली ठसे झिजतात आणि फुटतात. हजारोंनी नाणी पाडायची तर ठसे सतत नवे कोरावे लागतात. ठसे कोरणारे अनेक, राजा दूर, समोर जुने नाणे. इतक्यात चेहरा बदलायला वेगळा राजा लागत नाही.

सातकर्णीचा ठसा याहून साधा. एका बाजूला तीन कमानींचा चैत्य (काही जण त्याला डोंगर म्हणतात), त्याखाली नागमोडी रेघ आणि भोवती ब्राह्मीत प्राकृत मजकूर: राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णी याचे. दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह म्हणून ओळखली जाणारी, टोकांना वर्तुळे असलेली फुली. चेहरा नाही, ग्रीक नाही, खरोष्ठी नाही. म्हणजे दोन्ही बाजूंना पूर्ण आकाराचे ठसे आणि पूर्ण नाव. ही बारकी खूण नव्हे. ऐरणीत बसवलेल्या खालच्या ठशावर नहपानाचे नाणे ठेवायचे, वरचा ठसा त्यावर धरायचा आणि घण हाणायचा. तेव्हा ‘काउंटरमार्क’ हा शब्द इथे लागू होत नाही, आणि ‘काउंटरस्ट्रक’ वापरायचाच तर पूर्ण ठसा या अर्थानेच वापरायला हवा.

पण पूर्ण ठसा मारूनही काम निष्काळजीपणे झाले आहे. चैत्य कधी राजाच्या चेहऱ्यावर बसला आहे, कधी बाण-वज्रावर. कोणती बाजू वर ठेवायची, याचा नियम पाळलेला दिसत नाही. घाव जिथे पुरता बसला नाही तिथे नहपानाचे नाक, कपाळ, एखादे ग्रीक अक्षर तसेच आहे. काही नाण्यांवर दोन्ही राजांची नावे अर्धी-अर्धी वाचता येतात. शत्रूचे तोंड पुसून टाकायचे असते तर ते ठसा मारणाऱ्याला सहज जमले असते: तेच तोंड दर वेळी वर धरायचे, घाव दोनदा घालायचा. याहून सोपा मार्ग म्हणजे चांदी वितळवणे. तसे केले नाही. वितळवले की तूट येते, सरपण लागते, चांदीचा कस पुन्हा पाहावा लागतो, चकत्या पुन्हा तोडाव्या आणि तोलाव्या लागतात. नहपानाच्या नाण्याचे वजन आणि कस लोकांना मान्य होता. त्याच चकतीवर नवा घाव घातला की सगळा खर्च वाचतो, आणि हे नाणे या राज्यात चालते एवढे सांगायला चैत्य पुरतो.

ते नाणे चालत होते म्हणजे किती आणि कशासाठी, हे सांगणारे दस्तऐवज जोगलटेंभीपासून फार लांब नाहीत. नाशिकच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे आपल्या पांडवलेण्यात, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात ते कोरलेले आहेत. एमिल सेनार यांनी एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडात नाशिकच्या सगळ्या लेखांचे संपादन केले आणि आज आपण वाचतो ते मुख्यतः त्यांचे वाचन. दहाव्या लेण्याचा दाता नहपानाचा जावई, दिनिकाचा मुलगा उषवदात. संस्कृत रूपात तोच ऋषभदत्त. त्याने तीन लाख गाई दिल्याचे, भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे धर्मशाळा बांधल्याचे, दमण, तापी, डहाणू या नद्यांवर फुकट होड्या ठेवल्याचे लेखात आहे. दानशूरपणाच्या अशा याद्यांत आकडे फुगतात. त्या मी बाजूला ठेवतो. पण या लेण्यात काही आकडे हिशेबाचे आहेत, आणि हिशेब जुळतो.

सन 42 मध्ये उषवदाताने तीन हजार कार्षापणांची कायम ठेव भिक्षुसंघासाठी ठेवली. ती नाशिकजवळच्या गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) गुंतवली: दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करायचे नाही, व्याज तेवढे उपभोगायचे. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज 240 होते, आणि लेखात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत असे म्हटले आहे. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडात बरोबर उतरलेले हे गणित मला त्या तीन लाख गाईंपेक्षा अधिक विश्वासाचे वाटते. ही ठेव नगराच्या सभेत जाहीर करून फलकांवर नोंदवल्याचेही तिथे लिहिले आहे. आणखी एका ठिकाणी सत्तर हजार कार्षापणांचे दान आहे आणि दरही सांगितला आहे: पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणजे दोन हजार सुवर्ण. लेण्याच्या निर्वाहासाठी अश्वभूती नावाच्या ब्राह्मणाकडून त्याने एक शेत विकत घेतले, ते चार हजार कार्षापणांना.

हे कार्षापण म्हणजेच नहपानाची ही चांदीची नाणी, असे बहुतेक अभ्यासक धरतात. तसे धरले तर जोगलटेंभीच्या साठ्याची किंमत डोळ्यासमोर येते. त्यात अश्वभूतीच्या शेतासारखी तीन शेते येऊन वर सव्वा हजार नाणी उरली असती. एका भिक्षूच्या वर्षभराच्या वस्त्रांचा खर्च बारा, त्या हिशेबाने हजारावर भिक्षूंची एका वर्षाची चीवरे त्यात निघाली असती. सोन्यात मांडले तर पावणेचारशे सुवर्णांहून थोडे अधिक. ही एखाद्या शेतकऱ्याची पुंजी नव्हे, आणि राजाचा खजिनाही नव्हे. मोठा सावकार, एखादी श्रेणी, किंवा वसुली जमा करणारा अधिकारी, यांपैकी कोणाची तरी ती असावी.

एवढी चांदी आली कुठून, याचे एक उत्तर बाहेरच्या दस्तऐवजात मिळते. ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याच्या समुद्रप्रवासाच्या टिपणात भडोचच्या राजाचे नाव येते. ते नहपानाचेच बिघडलेले रूप मानले जाते. भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी आणली तर अदलाबदलीत नफा होतो, असे तो व्यापारी नोंदवतो. कल्याण बंदराकडे चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जातात, हेही सांगतो. म्हणजे घाटाखालची बंदरे आणि घाटावरचे गोवर्धन, जुन्नर हे सगळे व्यापारी जाळे एकाच हातात ठेवण्याचा नहपानाचा प्रयत्न होता. जुन्नरला त्याचा अमात्य अयम याचा सन 46 चा लेख आहे. नहपानाचा सर्वांत उशिराचा आकडा तोच.

पुढचे पान पांडवलेण्यातल्याच तिसऱ्या लेण्याच्या भिंतीवर आहे. इथे गौतमीपुत्र सातकर्णीची एक आज्ञा कोरली आहे, त्याच्या राज्यवर्ष 18 ची. गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला ती उद्देशून आहे आणि निघाली आहे विजयी सैन्याच्या तळावरून. आज्ञा अशी: पश्चिम काखडी गावातले दोनशे निवर्तनांचे (निवर्तन हे जमिनीचे माप) शेत, जे उषवदाताच्या उपभोगात होते, ते त्रिरश्मीवरच्या प्रव्रजितांना द्यावे. त्या शेतात शिपाई शिरणार नाहीत, मिठासाठी कोणी ते खणणार नाही, असे संरक्षणही बरोबर दिले. नहपानाच्या जावयाचे नाव शत्रूच्या राजाने आपल्या हुकुमात घालावे, यात दोघांच्या काळात फारसे अंतर नसल्याचा मोठा पुरावा आहे. रा. दा. बॅनर्जी यांच्यासारख्या काहींना तो मान्य नव्हता. गौतमीपुत्राच्या खूप आधी नहपान संपला, असे त्यांचे मत. जोगलटेंभीच्या साठ्यात मात्र या दोघांच्या मधल्या कोणाही राजाचे एकही नाणे नाही. माझ्या दृष्टीने वाद तिथे संपतो.

विजेत्याच्या हुकुमाचे पुढे काय झाले? त्याच भिंतीवर राज्यवर्ष 24 ची दुसरी आज्ञा आहे. या वेळी राजाबरोबर राजमातेचेही नाव आहे आणि अमात्य श्यामक आहे. मजकूर सरळ आहे: आम्ही काखडी गावात दिलेले शेत कसले जात नाही, गाव ओस आहे, तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या आमच्या राजकीय जमिनीतून शंभर निवर्तने द्यावीत. म्हणजे आधी दोनशे दिली, सहा वर्षांनी शंभर झाली, पण कसण्याजोगी. युद्धानंतर गोवर्धनच्या परिसरात वस्ती उठली होती, हे कोणत्याही प्रशस्तीत सापडत नाही. ते सापडते या जमिनीच्या दुरुस्तीत. सरकारी कागद खोटे बोलतात तेव्हा ठणठणीत बोलतात, आणि खरे बोलतात तेव्हा असे आडून.

कार्ल्यालाही हाच प्रकार. उषवदाताने तिथल्या वलुरक लेण्यांतल्या संघाला करजिक गाव दिले होते. नंतर मामाळच्या अमात्याला उद्देशून दुसरी राजाज्ञा कोरली गेली, आणि तिच्यात तेच गाव त्याच संघाला पुन्हा दिले आहे. आज्ञा देणाऱ्या राजाचे नाव दगडावर राहिलेले नाही. बहुतेक अभ्यासक ती गौतमीपुत्राची मानतात. दान तेच, घेणारा तोच, देणारा बदलला. नाण्यावर जे झाले तेच गावावर झाले: मूळ चकती ठेवली आणि वर नवे नाव ठोकले.

आणि याच तिसऱ्या लेण्यात, व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर, तो प्रसिद्ध लेख आहे. गौतमीपुत्राचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्यवर्ष 19 मध्ये आजी गौतमी बलश्रीने म्हणजे गौतमीपुत्राच्या आईने हे लेणे दान दिले, आणि दिवंगत मुलाचे गुण ओळीमागून ओळी लिहवून घेतले. शक, यवन, पल्हव यांचा नाश करणारा. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले तो. सातवाहन कुळाचे यश पुन्हा स्थापन करणारा. खखरात वंश निरवशेष करणारा. असिक, अश्मक, मूळक, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकरावंती अशी त्याच्या देशांची यादी.

‘निरवशेष’ हा शब्द आईने लिहवला आहे आणि मुलगा गेल्याला वर्षे लोटली आहेत. एवढे लक्षात घेतले तरी इतिहासाला त्याची तपासणी करावी लागते. खखरात म्हणजे क्षहरात कुळ राज्यावर पुन्हा दिसत नाही, हे खरे. तेवढ्यापुरता शब्द अचूक आहे. पण कुळापलीकडे पाहिले तर अवशेष जागोजाग आहेत. नऊ हजारांवर नाण्यांत चैत्याखालून नहपान डोकावतो आहे आणि चार हजारांत तो पूर्ण आहे.

ही चार हजार नाणी मला साठ्यातला सर्वांत बोलका भाग वाटतात. नवा ठसा मारल्याशिवाय नाणे चालणार नाही, असा कडक हुकूम असता तर ती या साठ्यात नसती. ज्याची ती होती त्याने ती टांकसाळीत नेली असती. दुसरीकडे, ठसा फक्त विजयाची दवंडी म्हणून मारला असता तर नऊ हजार हा आकडा फार मोठा आहे; दवंडीला शंभर नाणीही पुरतात. तेव्हा नाणी टांकसाळीत येतील तशी त्यांवर ठसा मारला जात होता, आणि दोन्ही प्रकार बाजारात शेजारी-शेजारी चालत होते, हाच अर्थ पुराव्याला धरून आहे. साठ्यात सातकर्णीने कोऱ्या चकतीवर पाडलेले एकही चांदीचे नाणे नाही. म्हणजे हे काम चालू असतानाच, युद्धानंतर लवकर, हा साठा जमिनीत गेला. तो कोणी पुरला आणि परत का काढला नाही, याचे उत्तर नाण्यांवरून निघत नाही.

जैन परंपरेत याच युद्धाची एक गोष्ट आहे, आवश्यकसूत्राच्या टीकावाङ्मयात आलेली. भडोचच्या नहवाहनाकडे खजिना अपार, पैठणच्या शालिवाहनाकडे सैन्य मोठे. शालिवाहन वर्षानुवर्षे वेढा घालतो आणि हात हलवत परत येतो, कारण शत्रू पैसे वाटून आपल्या माणसांना लढायला उभे करतो. शेवटी शालिवाहनाचा मंत्री फितुरीचे सोंग घेऊन भडोचला जातो, राजाच्या मर्जीतला होतो आणि त्याला देवळे, तळी, दानधर्म यांत सगळा खजिना उधळायला लावतो. खजिना संपल्यावर शहर पडते. ही कथा बरीच उशिराची, तिला दस्तऐवज म्हणता येणार नाही. पण उषवदाताच्या दानांची यादी वाचल्यावर ती रचणाऱ्याच्या मनात काय असेल याची कल्पना येते.

हे सारे केव्हा घडले, यावर अभ्यासकांचे दोन तट आहेत. नहपानाचे 41 ते 46 हे आकडे शक संवताचे धरले तर युद्ध इसवी सन 124-25 च्या सुमारास पडते. ते त्याच्या राज्यारोहणापासूनचे धरले तर ते इसवी सन 78 च्या आसपास जाते. पेरिप्लस पहिल्या शतकाच्या मध्याचे असल्याने अलीकडे दुसऱ्या मताकडे कल वाढला आहे आणि मलाही तेच बळकट वाटते. वा. वि. मिराशी यांनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचे लेख मराठी वाचकांसाठी एका ग्रंथात एकत्र दिले आहेत; कालगणनेचा वाद ज्याला मुळातून पाहायचा त्याने तिथून सुरुवात करावी.

गौतमीपुत्रानंतर क्षत्रप परत आले, मात्र दुसऱ्या कुळाचे: कार्दमक, चष्टनाचे घराणे. चष्टनाचा नातू रुद्रदामन याचा इसवी सन 150 चा गिरनारचा लेख सांगतो की दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला त्याने सरळ लढाईत दोनदा जिंकले, पण नाते जवळचे असल्याने त्याचा उच्छेद केला नाही, आणि त्याबद्दल यश मिळवले. कान्हेरीच्या एका लेखावरून वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक महाक्षत्रपाची मुलगी होती असे कळते, तेव्हा नात्याची गोष्ट पोकळ नाही. बलश्रीने मोजलेल्या देशांपैकी आकरावंती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर आणि अपरांत हे पाच रुद्रदामनाच्या यादीत पुन्हा आले आहेत.

याहून महत्त्वाचे म्हणजे नाणी. चष्टनाने चांदीच्या नाण्यावर राजाचे डोके ठेवले, आणि मागच्या बाजूला बाण-वज्राच्या जागी पुढे चैत्य आणला, शेजारी चंद्र आणि तारा घालून. नहपानाच्या चेहऱ्यावर हाणलेला तोच तीन कमानींचा ठसा आता क्षत्रपांचा स्वतःचा झाला आणि चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यांच्या नाण्यांवर राहिला. पाचव्या शतकातल्या त्रैकूटकांनीही तो उचलला. उलट सातवाहनांनी शत्रूकडून चेहरा घेतला. पुळुमावी आणि त्यानंतरच्या राजांची चांदीची नाणी राजाच्या डोक्याची आहेत. यज्ञ सातकर्णीचे असे एक नाणे 1882 साली भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याच्या स्तूपात मिळाले. ज्या दोन घराण्यांनी एकमेकांना उखडल्याची भाषा केली, त्यांनी एकमेकांचे नाणे अर्धे-अर्धे वाटून घेतले.

लेण्यांतही तेच झाले आहे. तिसरे लेणे दहाव्याची नक्कल आहे, हे लेण्यांचे अभ्यासक बर्जेस यांच्या काळापासून सगळ्यांच्या लक्षात आले आहे: तसेच खांब, घंटेसारखी तशीच शिरे, आत भिंतीवर स्तूपाचे उठावचित्र, फक्त दहाव्यात सोळा खोल्या आणि तिसऱ्यात अठरा. दहाव्या लेण्याच्या मागच्या भिंतीवरचा स्तूप पुढे कधीतरी कोणी तासून त्याचा भैरव केला. नीट पाहिले तर मूळ स्तूपाची रेषा अजून ओळखू येते.

पांडवलेण्याला जाणारे बहुतेक लोक तिसरे लेणे पाहतात, बलश्रीच्या लेखासमोर फोटो काढतात आणि वेळ उरला तर दहाव्यात डोकावतात. माझी विनंती एवढीच की क्रम उलटा करा. आधी दहाव्यात जाऊन विणकरांकडच्या त्या तीन हजारांच्या ठेवीचा लेख पाहा, मग तिसऱ्यात येऊन शंभर निवर्तनांची दुरुस्ती पाहा, आणि ‘निरवशेष’ शेवटी वाचा.